उजवीकडचा रकाना

६ फेब्रुवारी

वाचाबाई म्हणाल्या, रोज काय घडलं ते लिहीत जा. (वाचाबाई हे मी ठेवलेलं नाव. आजारात ज्यांची भाषा जाते त्यांना त्या पुन्हा बोलायला शिकवतात.) त्यांना द्यायचा तक्ता वेगळा आहे, त्यात किती खाल्लं, कोणत्या कुशीवर झोपले असलं लिहायचं असतं. ही वही माझी. बस डेपोच्या चौकशी खिडकीत सगळी नोकरी गेली माझी, बोलल्याशिवाय अन्न पचत नाही, आणि आता घरी बोलायला भिंती तेवढ्या उरल्यात.

तर झालं असं. हे कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतात, दुपारी त्याचेच पेपर तपासत बसले होते आणि पेन हातातून गळून पडलं. मेंदूत रक्ताची गाठ. उजवं अंग गेलं आणि भाषा गेली. म्हणजे नुसतं बोलणं नाही, आपण बोललेलंही कळत नाही, वाचताही येत नाही. एकच शब्द राहिलाय, 'बरं'. इंजेक्शन टोचलं की बरं, सूप सांडलं की बरं. मोठ्या डॉक्टरांनी तपासताना विचारलं, "तुम्ही बाई आहात का?" हे म्हणाले, "बरं." मला फिस्सकन हसू आलं, मग फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर लग्न झाल्यापासून माझ्या बडबडीला ह्यांचं उत्तर तेवढंच असायचं.

९ फेब्रुवारी

मोठ्या डॉक्टरांनी आज बसवून नीट सांगितलं. माणूस वाईट नाही, घाईत असतो एवढंच. पुनर्वसन विभागात खाटा थोड्या. ज्यांना आपण सांगितलेलं समजतं त्यांनाच तिथे ठेवतात, व्यायाम शिकवतात आणि घरी पाठवतात. बाकीच्यांना शहराबाहेरच्या शुश्रूषा केंद्रात. तिथून सहसा कोणी घरी येत नाही. मार्चअखेर बैठक आहे, त्यात ह्यांचं ठरेल.

संध्याकाळी चिऊचा फोन. आमची मुलगी, पस्तिशी उलटली तरी घरात चिऊच. लांब असते, रजा मिळेल तशी येते.

"आई, समजा बाबांना घरी पाठवलं, तर तू उचलणार आहेस त्यांना? त्या कमरेनं?"

"माझ्या कमरेला काय धाड भरलीय?"

"पट्टा बांधून फिरतेस म्हणून विचारलं. निदान सकाळचा एक माणूस ठेवू या. मी बघते ना कोणी चांगला."

"परकं माणूस माझ्या घरात नकोय मला," म्हटलं आणि फोन ठेवला. पोरगी काळजीनं बोलते हे कळतं, पण तिचा सूर असा असतो की मी आणि हे दोघं एकाच गाठोड्यात बांधून ठेवायच्या वस्तू आहोत.

१३ फेब्रुवारी

आज घडलं ते आजच लिहून ठेवते.

ह्यांच्या खाटेजवळचं टेबल डुगडुगतं. पायाखाली घालायला मी पिशवीतून एक कागद काढून घडी करत होते. तो निघाला त्या दिवशीच्या पेपरांपैकी. कुणा विद्यार्थ्याचं उत्तर, ओळीखाली ओळ, बाण आणि अक्षरं. ह्यांनी एकदम डावा हात पुढे केला आणि कागद ओढला. इतके दिवस चमचासुद्धा आपणहून धरला नव्हता. मग माझ्या पिशवीतल्या पेनाकडे बोट. दिलं.

कागदावर होतं:

१. क → ख
२. ख
३. म्हणून क

हे बघत राहिले आणि तिसऱ्या ओळीवर फुली मारली. वाकडी, पण फुली. मग पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "बरं."

मी नर्सबाईंना हाक मारली. त्या म्हणाल्या, "रेघोट्या मारल्यात हो त्यांनी." असतीलही. पण रेघोट्या नेमक्या चुकीवरच कशा पडल्या? आणि ती चूक आहे तरी का, हेच मुळात मला ठाऊक नाही.

१४ फेब्रुवारी

घरी जाऊन ह्यांचं पाठ्यपुस्तक काढलं. इतकी वर्षं त्याच्यावरची धूळ झटकली, उघडून पाहिलं नव्हतं. बाण म्हणजे जर-तर. क असेल तर ख असणार. आता ख आहे, म्हणून क आहे असं म्हणता येईल का? खिडकीत बसून विचार करावा तसा केला. गाडी बिघडली तर उशीर होतो. उशीर झालाय. म्हणून गाडी बिघडली? छे. रस्त्यात झाड पडलं असेल, नाहीतर चालक चहा पीत बसला असेल. बरोबरच होती फुली!

१९ फेब्रुवारी

रोज दोन-तीन सिद्धता लिहून नेते. काही पुस्तकातून बरोबर उतरवलेल्या, काहींत मुद्दाम खडा टाकलेला. हे एकेक ओळ बोटानं वाचतात आणि बरोबर त्या खड्याशी थांबतात. डावीकडे आकडा, मध्ये विधान आणि उजवीकडच्या रकान्यात कारण: ही ओळ कुठून आली, कोणत्या नियमानं. कारण न लिहिलं तर ह्यांचं पेन त्या रिकाम्या जागेवर टकटक करतं, लिहीपर्यंत करतच राहतं. काय विद्यार्थी सोसत असतील बिचारे!

नियमांची नावं तोंडात मावत नाहीत, म्हणून मी माझी ठेवलीत. क असेल तर ख, आणि क आहे, म्हणून ख: ह्याला 'गाडी लागली'. क असेल तर ख, पण ख नाही, म्हणून क नाही: ही 'माघार'. खूणगाठ म्हणून एक-दोन अक्षरं लिहिते, हे तेवढ्यावर ओळखतात. 'म्हणून', 'नाही', 'किंवा' हेही ह्यांना शब्द वाटत नाहीत, बाणासारख्या खुणाच वाटतात.

२२ फेब्रुवारी

आज भांडण झालं. हो, भांडण, आणि तेही एक अक्षर न बोलता. मी लिहिलं: क किंवा ख. क आहे. म्हणून ख नाही. फुली! मी तीच ओळ पुन्हा लिहिली, जाडजूड. पुन्हा फुली, ह्या वेळी माझ्याहून जाड. "अहो, किंवा म्हणजे दोनातलं एकच ना?" मी चिडून म्हटलं. हे म्हणाले, "बरं," आणि फुली गिरवत राहिले.

घरी येताना बसमध्ये उजेड पडला. ज्येष्ठ किंवा अपंग प्रवाशांना सवलत, अशी पाटी माझ्याच खिडकीवर होती. जो म्हाताराही आहे आणि अपंगही, त्याला काय मी परत पाठवलं असतं? बसमध्ये एकटीच हसले. शेजारची बाई जरा सरकून बसली.

हे खाटेवर खाली सरकले होते, ह्यांना वर ओढताना कमरेत चमक भरली होती सकाळी. कठडा धरून उभी राहिले थोडी. हे एकटक बघत होते. तहान लागली असेल म्हणून पाणी दिलं, तर प्यायलेच नाहीत.

१ मार्च

वाचाबाईंना सगळे कागद दाखवले. त्या खुर्चीच्या टोकावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "भाषा गेली तरी असला विचार वेगळा शाबूत राहू शकतो, असं आम्ही शिकलोय. पण डोळ्यांनी पहिल्यांदा बघतेय."

मला मात्र वेगळंच आश्चर्य वाटतं. क म्हणजे काय हे मला माहीत नाही, ह्यांना माहीत नाही, ज्यानं पुस्तक लिहिलं त्यालाही नाही. तरी क असेल तर ख, आणि क आहे, एवढं मान्य केलं की ख आलाच पाहिजे. कोणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. शब्दांना अर्थ असतो म्हणून ह्यांचे शब्द गेले, आणि ह्या अक्षरांना अर्थच नाही म्हणून ती राहिली. आम्ही दोघं आता तिथे भेटतो जिथे काहीच नाही, नुसत्या पायऱ्या आहेत. एवढ्या मोठ्या गोष्टीच्या शेजारच्या खोलीत मी आयुष्यभर भाजी निवडत बसले होते.

८ मार्च

आज ह्यांनी मला शिकवलं. उलटा मार्ग. जे सिद्ध करायचंय त्याच्या बरोब्बर विरुद्ध 'धरून चालायचं'. तिथपासून समासात एक उभी रेघ ओढायची, म्हणजे लक्षात राहतं की हे सगळं अजून उसनं आहे. मग शहाण्यासारखं एकेक पाऊल टाकत जायचं, कुठेही लबाडी करायची नाही. आणि जाता जाता एका ओळीत 'ग' येतो आणि पुढच्या ओळीत 'ग नाही'. दोन्ही एकाच वेळी असूच शकत नाहीत. मग रेघ बंद करायची. धरलेलं खोटं ठरलं, आपलं खरं.

डाव्या हातानं रेघ वाकडी आली म्हणून ह्यांनी ती पुन्हा काढली. शेवटची ओळ लिहून माझ्याकडे पाहिलं, असं, की घे! माझ्या अंगावर काटा आला. एखाद्याला खोटं पाडायचं तर त्याच्याशी न भांडता त्याचंच म्हणणं शेवटपर्यंत मानून चालायचं, ही काय सभ्यता आहे! वॉर्डात कोणाचा तरी रेडिओ चालू होता, सिस्टर औषधाची गाडी ढकलत होती, आणि मी डोळे पुसत होते.

निघताना चप्पल घालायला वाकले तर हे माझ्या पट्ट्याकडे बघत बसले. नवीन काही दिसलं की लहान मुलासारखे बघत राहतात.

१७ मार्च

मोठे डॉक्टर आले. मी कागद पुढे केले. त्यांनी पाहिले, टाकून दिले नाहीत. पण म्हणाले, "बाई, जन्मभराची सवय आहे ही. गवयाची बोटं झोपेतही ताल धरतात. मला एवढंच बघायचंय की समोरच्याचं म्हणणं त्यांना समजतं का. समजत असेल तर साधी सूचना पाळतील. हात वर करा म्हटलं तर करतील. ते करत नाहीत. म्हणून समजत नाही. मी तरी काय करू?"

घरी येऊन त्यांचं म्हणणं मांडलं. क: ह्यांना समजतं. ख: सूचना पाळतात.

१. क → ख
२. ख नाही
३. म्हणून क नाही

माघार! माझीच माघार. उलटसुलट करून पाहिलं, कुठे खडा सापडेना. ह्या नियमांवर महिनाभर मी जीव टाकला, आणि त्यांनीच मला सांगितलं की माझा माणूस आत नाही. जेवण गेलं नाही.

१८ मार्च

दाखवायचा नव्हता तो कागद. पण इतर कागदांबरोबर गेला. ह्यांनी तिन्ही ओळी बोटानं वाचल्या आणि खाली बरोबरची खूण केली. शेपूट वर उडवलेली, ठसठशीत. स्वतःला काही समजत नाही, ह्यावर स्वतः खूण केली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं."

मी बाहेर जाऊन जिन्यात बसून रडले. चिऊला फोन केला आणि म्हटलं, डॉक्टर म्हणतात ते केंद्र बघून ये एकदा. ती म्हणाली, "आई, तू ठीक आहेस ना? मी येऊ का?"

२० मार्च

वाचाबाईंनी विचारलं, कागद का नाही आणत. सांगितलं सगळं. त्या म्हणाल्या, "त्यांनी खूण केली ती पायरीवर केली ना? क म्हणजे ते स्वतः, हे त्यांना कुठे ठाऊक होतं?"

खरंच की! अक्षराला अर्थ नसतो म्हणत मी महिनाभर नाचले, आणि आता अर्थ माझ्या डोक्यात होता तर तो ह्यांच्याही डोक्यात आहे असं धरून बसले. शब्दांनी अर्थ सांगता येत नाही. पण चित्रानं?

दुपारभर चित्रं काढली. मला काढता येत नाहीत. क च्या पुढे ह्यांचा चेहरा, चष्म्यासकट, आणि डोक्याच्या आत बरोबरची खूण. ख च्या पुढे डॉक्टर, त्यांच्या तोंडातून गिचमीड रेघा निघताहेत, आणि समोर हे हात वर करून. रेघा गिचमीडच काढल्या, कारण ह्यांना आमचं बोलणं तसंच ऐकू येत असणार.

आधी दाखवायचं नाही असं ठरवलंय. जे व्हायचं ते बैठकीतच होऊ दे.

२८ मार्च

बैठक. मोठे डॉक्टर, वाचाबाई, मी, चाकाच्या खुर्चीत हे. चिऊ रजा काढून आलेली, माझ्यामागे उभी. डॉक्टरांनी नेहमीचं विचारलं. हात वर करा. बरं. डोळे मिटा. बरं. खिडकी कुठंय? बरं. वाचाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद ह्यांच्यापुढे ठेवला. वर चित्रं, खाली त्याच तीन ओळी.

हे चित्रांकडे बघत बसले. बोट चष्म्यावरून फिरलं, गिचमीड रेघांवरून फिरलं. पुन्हा चष्मा. मग डॉक्टरांकडे पाहिलं, बराच वेळ. मला वाटलं आता खूण करणार, आणि संपलं सगळं.

तिसऱ्या ओळीला ह्यांनी हात लावला नाही. पेन वर गेलं आणि पहिल्या ओळीवर फुली पडली. जी दिलेली असते, जिला कुणी कारण विचारत नाही, त्या ओळीवर. मग खाली, वेड्यावाकड्या हातानं:

१. क
२. ख नाही
३. म्हणून (क → ख) नाही

समजतं. सूचना पाळता येत नाही. म्हणून समजलं की पाळता येतंच, हे खोटं. शेवटच्या ओळीपुढे वरच्या दोन ओळींचे आकडे टाकले. दुसऱ्या ओळीच्या रकान्यात बाण काढून थेट डॉक्टरांकडे नेला, कारण ते त्यांनीच आत्ता पाहिलं होतं. पहिल्या ओळीचं कारण राहिलं. पेन त्या रिकाम्या रकान्यावर थांबलं. मग ह्यांनी पेन खाली ठेवलं आणि डावा हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

चिऊची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती.

डॉक्टर हळूच म्हणाले, "हे आधी शिकवून तर आणलं नाही ना?"

"अहो, शिकवायला समजावं लागतं ना!" वाचाबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसले, मोकळेपणानं. कागद हातात घेऊन फुली मारलेली पहिली ओळ पुन्हा वाचली. "ही मी कधी तपासलीच नव्हती," म्हणाले. खाट मिळाली. व्यायाम सुरू, वाचाबाईंचे तास सुरू, मेअखेर घरी.

५ एप्रिल

आनंदात दिवस कसे गेले कळलं नाही, म्हणून वही राहिली. ह्यांना खुर्चीत घ्यायला मी रोज मदत करते, घरी करायचंच आहे तर हात बसायला हवा. संध्याकाळी जरा आडवं पडावं लागतं, एवढंच.

आज हे स्वतः काहीतरी लिहून बसले होते. चित्रंसुद्धा! क च्या पुढे चौकोन, वर त्रिकोण: घर. ख च्या पुढे एक काडीची बाई, वाकलेली, कमरेला पट्टी. मला वाटलं ह्यांचं काहीतरी खाली पडलंय आणि मी ते उचलावं. खाटेखाली पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. हे पेनानं टकटक करत होते.

१. क → ख
२. ख नाही
३. म्हणून क नाही

दुसऱ्या ओळीपुढे, कारणाच्या जागी, पुन्हा तोच हात छातीवर.

घरी आलो तर तू मोडशील. तू मोडायची नाहीस, कारण मी मोडू देणार नाही. म्हणून घरी नाही.

ह्यांना तहान नव्हती लागली त्या दिवशी. पट्टा नवीन दिसला म्हणून बघत नव्हते. ज्या माणसाला मी इतकी वर्षं दगड म्हणत होते तो खाटेवर पडल्या पडल्या माझी कंबर मोजत होता, आणि जाहीर करायला भाषा नाही म्हणून सिद्धता करत होता. मला धड रडताही येईना. पायरी बरोबर होती. त्याच तीन ओळी, तोच आकार, ज्यानं मागच्या महिन्यात ह्यांना माझ्यापासून नेलं होतं. आता हे स्वतःच तो वापरत होते.

कुठे बघायचं ते आता मला ठाऊक होतं. पहिल्या ओळीवर फुली मारली. पण नुसती फुली मारून चालेना, कारण ती ओळ खोटी नव्हती, अर्धी होती. मी खाली लिहिलं: क, आणि ग नाही, तर ख. घर असेल आणि मदत नसेल, तर कंबर मोडेल. ग च्या पुढे एक दांडगा काडीचा माणूस काढला, ह्यांना खुर्चीत उचलून ठेवणारा. आणि खाली: ग. म्हणजे मदत आहे.

ह्यांनी तपासलं. एकदा, दोनदा. कुठे खडा नाही. मग पेन ग च्या पुढच्या रकान्यावर गेलं. टक. टक. टक. रकाना रिकामा होता.

मी व्हरांड्यात जाऊन चिऊला फोन लावला.

"तो सकाळचा माणूस म्हणत होतीस..."

"तुला परका नको होता ना?"

"आगाऊपणा करू नकोस. कधी येईल ते सांग."

९ एप्रिल

माणूस आला. जाड मिशा, मऊ बोलणं, मला मावशी म्हणतो. वॉर्डातल्या व्यायामाच्या सरांनी त्याला कसं धरायचं ते दाखवलं. त्यानं ह्यांना काखेत धरलं आणि अलगद खुर्चीत बसवलं. मी दोन्ही हात बांधून भिंतीशी उभी राहिले. फार जड गेलं ते, नुसतं उभं राहणं. हे त्या माणसाकडे बघत होते, मग माझ्या बांधलेल्या हातांकडे.

टेबलाच्या खणातून मी तो कागद काढला आणि ह्यांच्यापुढे ठेवला. पेन रिकाम्या रकान्यावर आलं. मी त्या माणसाकडे बोट दाखवलं. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "काय मावशी, काही चुकलं का?"

"नाही रे बाबा, तू उभा राहा."

ह्यांनी खाली वाकून रकान्यात छोटीशी खूण केली, शेपूट वर उडवलेली. "बरं," म्हणाले. तो शब्द मी मोजत नाही, ते सुपालाही बरं म्हणतात. खूण मोजते.

मग पेन पुन्हा उचललं आणि मी घातलेल्या नवीन ओळींवर एक बारीक फुली मारली. घाईत ओळींना आकडे टाकायचे राहिले होते माझे.